टाळू निरंक

माणसाच्या डोक्याला वरच्या बाजूला भोक असतं, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. कोणी आधी बसवून नीट समजावलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण मुलगी झाल्याच्या बाराव्या दिवशी मी कौतुकानं तिच्या पाळण्यावर वाकलो. सासूबाईंनी तिचं टोपडं काढून ठेवलं होतं, आणि कपाळाच्या वर, जावळाच्या मधोमध, तिची कातडी खालीवर होत होती. आतून कोणी दार ठोठावावं तशी. मी हात मागे घेतला तो सव्वा महिना पुरा होईपर्यंत मागेच राहिला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"टाळू हाय, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या आणि तळहातावर तेल घेऊन त्यांनी ते त्याच जागेवर थापलं. "सगळ्याईले राह्यते."

"मला नाही."

"तुमाले बी होती. आता कडक झाली," असं म्हणून त्या वच्छलाकडे बघून हसल्या. वच्छला म्हणजे माझी बायको. तीही हसली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मान नसतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

मी घाबरट माणूस नाही. कचेरीत जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून साप निघाला होता तेव्हा टेबलावर सगळ्यांत शेवटी चढलेला मीच होतो. पण हा प्रकार वेगळा. सात पौंडांचं लेकरू आणि त्याच्या मेंदूवर छप्पर म्हणून नुसती कातडी. तरीही घरात कोणाला त्याचं काही नव्हतं. वच्छला तिला खुशाल एका हातानं खांद्यावर टाकायची. सासूबाई पायांवर पालथी घालून रगडायच्या. दाई जैबुनबी रोज न्हाऊ घालायला यायची, ती तर त्या डोक्यावर तांब्यानं कढत पाणी ओतायची. मी दारात उभा राहून डोळे मिटून घ्यायचो.

"घ्या न जरा तिले," वच्छला म्हणायची.

"हात ओले आहेत," मी म्हणायचो. नाहीतर शाई लागलेली असायची, नाहीतर सर्दी झालेली असायची. सव्वा महिन्यात मला अकरा वेळा सर्दी झाली.

माझ्या हुद्द्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी तहसील कचेरीत कारकून होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, जिल्हा यवतमाळ एवढं पुरे. राज्य नुकतंच नवं झालं होतं. आमच्या छापील पत्रकांवर 'मध्यप्रदेश' खोडून 'मुंबई' लिहिलेलं होतं, ते खोडून 'महाराष्ट्र' लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. दुसरं काम पर्जन्यमापकाचं. कचेरीच्या आवारात जमिनीत एक नळकांडं पुरलेलं होतं, त्यात पडलेलं पाणी रोज सकाळी आठ वाजता काचेच्या मापानं मोजायचं आणि किती इंच, किती सेंट (म्हणजे इंचाचे शंभरावे भाग) ते पत्रकात भरून यवतमाळला धाडायचं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं नाही. शून्याच्या मागेपुढे कोणीही आकडा बसवू शकतो. म्हणून तिथे 'निरंक' लिहायचं. हा शब्द मला फार आवडायचा. त्यात काही नसूनही भारदस्तपणा आहे.

आमचे शेजारी पुंडलिकराव पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता गल्लीचा बंदोबस्त पाहायचे. टाळूचा विषय मी त्यांच्यापाशी काढला, ही माझी पहिली चूक.

"वामनराव, टाळू दोन तऱ्हेनं घात करते," ते म्हणाले. "उघडीच राह्यली तं पोरगं कमजोर. अन् लवकर बंद झाली तं भेजा वाढाले जागा नाही. मंग ते जन्मभर तसंच."

"मग करायचं काय?"

"माप ठेवा. तुमी सरकारी माणूस, हे तुमाले मी सांगाव काय? माह्या साळ्यानं त्याच्या पोराचं माप ठेवलं नव्हतं."

"मग काय झालं त्याला?"

"त्याले काय झालं? हेडमास्तर हाय बाभुळगावले. पण माप ठेवाले पाह्यजे होतं."

मला ते पटलं. सरकारी नोकरीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला माप आणि नोंद या दोन गोष्टी पटकन पटतात. मी चार आण्यांची वही आणली, समास पाडले, रकाने आखले. तारीख, माप, शेरा. पहिल्या पानावर 'टाळू नोंदवही' असं ठळक लिहून खाली सही केली.

मापाची पद्धत बसवायला तीन दिवस गेले. फूटपट्टी डोक्यावर ठेवायला वच्छलानं साफ नकार दिला. "पोरीचं डोकं हाय ते, वावर नाही मोजाले," ती म्हणाली. मग कागदाची पट्टी वापरायचं ठरलं. ती तेल पिऊन लोळागोळा व्हायची. शेवटी कापडाची फीत आली. सासूबाईंनी फीत टाळूवर धरायची, नखानं खूण करायची, आणि मी ती फीत बाहेरच्या खोलीत नेऊन फूटपट्टीवर मोजायची, असा श्रमविभाग झाला. म्हणजे टाळूला हात त्यांचा, जबाबदारी माझी. पहिलं माप आलं एक इंच दहा सेंट. दुसऱ्या दिवशी एक इंच. तिसऱ्या दिवशी एकदम सव्वा. मला दरदरून घाम फुटला, पण त्या दिवशी मुलीनं जांभई दिली होती असं निष्पन्न झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी 'जांभई' असं लिहिलं.

पुढे ते अंगवळणी पडलं. साडेसातला न्हाण्याआधी टाळू, आठला पाऊस. घर कचेरीच्या मागेच होतं. दोन्ही आकडे मी एका चिठ्ठीवर एकाखाली एक टिपायचो आणि अकराला टेबलावर बसलो की वरचा आकडा माझ्या वहीत आणि खालचा सरकारी पत्रकात उतरवायचो. मुलगी रात्रभर रडायची, मी रात्रभर जागायचो, आणि अकरा वाजता मला कोणता हात कुठे चालला आहे हे कळत नसे. पण आकडे बरोबर उतरत होते.

श्रावणात पावसानं दडी मारली. त्याच सुमारास सासूबाईंनी न्हाणं साडेआठवर नेलं, कारण पोरगी सकाळची छान झोपायला लागली होती आणि झोपलेल्या पोरीच्या टाळूला फीत लावू द्यायला घरातलं कोणीच तयार नव्हतं. मीही आग्रह धरला नाही. आधी पाऊस, मग टाळू, असा क्रम झाला. इतका साधा बदल, त्याचा पुकारा कोण करतो?

सव्वा महिना पुरा झाला त्या शनिवारी सकाळच्या गाडीनं वच्छला, सासूबाई आणि मुलगी पिंपळखुट्याला, म्हणजे वच्छलाच्या माहेरी गेल्या. बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं, कारण जून महिन्यात पिंपळखुट्याच्या वाटेवरचा नाला कोणाला जाऊ देत नाही. त्यांना गाडीत बसवून मी कचेरीत आलो तो नायब तहसीलदारांनी बोलावलं. त्यांच्या हातात यवतमाळचं पत्र होतं.

शेजारच्या सर्व केंद्रांवर पाऊस निरंक असताना आपल्या केंद्रावर सलग आठवडाभर रोज एक इंचाच्या आसपास पाऊस पडत आहे, हे कसे, याचा सात दिवसांत खुलासा करावा, असा मजकूर होता.

नायब साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली धूळ उडत होती. "वामनराव," ते म्हणाले, "कुठी पडून राह्यला हा पाऊस?"

बारा वर्षांत माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. माझे कान तापले. "साहेब," मी म्हणालो, "पत्रकात आहे तेवढा पडला आहे." आणि पत्र घडी करून खिशात टाकलं. त्यांनी पुन्हा एकदा बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला लवकर घरी जायला सांगितलं.

घरी कोणी नव्हतं. पाळणा रिकामा होता. इतके दिवस जिला हात लावला नाही तिच्याविना घर खायला उठलं, हे मी कोणाला सांगणार? निदान तिची नोंद तरी पाहावी म्हणून मी खिशातली वही काढली, सव्वा महिन्याची सरासरी काढायला बसलो, आणि शेवटच्या पानावर माझी नजर थांबली.

टाळू, निरंक. टाळू, निरंक. नऊ दिवस ओळीनं निरंक, आणि प्रत्येक निरंकपुढे माझी सही.

आता कोणी म्हणेल, रोज फीत तुम्हीच मोजत होता, टाळू बंद झाली असती तर फितीवर खूण कशी आली असती? हा प्रश्न मलाही पडला. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि कागदावर लिहिलेलं यांत फरक पडला तर कागद खरा धरायचा, ही माझी शिस्त होती. सव्वा महिन्याच्या पोरीची टाळू बंद. मेंदूला जागा नाही. आणि ते सलग नऊ दिवस स्वतः लिहून काढणारा तिचा बाप.

मी वही घेऊन पुंडलिकरावांकडे धावलो. त्यांनी चष्मा लावला, पान वरून खाली वाचलं. "सही कोणाची हाय?"

"माझीच."

"मंग खरं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं माझा उरलासुरला धीर गेला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पांढरकवड्याला लसटोचणीच्या कामावर गेले होते. कंपाउंडर म्हणाला, ताप असेल तर गोळी देतो. मी जैबुनबीच्या घराकडे वळलो. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझं सगळं ऐकून तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"कालच मी पोरीले न्हाऊ घातलं, बाबू. हे बोट टाळूवर होतं माह्यं. चांगली नरम होती."

"त्याची नोंद आहे का?" मी म्हणालो.

"काय?"

"तुमच्या बोटाची. तारीख, माप, काही?"

जैबुनबीनं आपल्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या बोटानं गावातले चारशे लेकरं दुनियेत आणले," ती सावकाश म्हणाली. "तुमचे नायब साहेब बी त्याच्यातच हायेत. त्याईले विचारा नोंद." सूप खाली ठेवून ती उठली आणि तिनं ओढणी डोक्यावर घेतली. "चला. आता तुमच्याच बोटाले दाखवतो."

मुख्यालय सोडायला परवानगी लागते, ती मी घेतली नाही. फक्त चपराशी सेवादासला गाठून सांगितलं की उद्या सकाळी आठला पर्जन्यमापक पाहा आणि पाणी नसेल तर निरंक लिहून ठेव.

"पाणी नाहीच तं पाहू कायले?" सेवादास म्हणाला.

एस. टी.त बसल्यावर मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण कंडक्टरनं, "बाबूजी, तब्येत बरी नाही काय?" असं विचारलं आणि जैबुनबीनं सगळी हकीकत त्याला, म्हणजे पर्यायानं सगळ्या गाडीला सांगितली. मग गाडीत टाळूखेरीज दुसरा विषय उरला नाही. एक बाई म्हणाली उडदाच्या पिठाची चांदकी, म्हणजे लहानशी चपटी भाकर, टाळूवर लावा. एक म्हणाला काही लावू नका. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आपली टोपी काढून मला त्याचं डोकं चाचपायला लावलं. त्याची टाळू म्हणे सहाव्या महिन्यातच बंद झाली होती, आणि तरी तो दोनदा सरपंच झाला. मला त्यातून धीर घ्यावा की घेऊ नये ते कळेना. कचेरीत मी शुद्ध बोलतो, पण त्या गाडीत माझ्या तोंडून, "माह्या पोरीचं काय होईन हो," असं निघालं, आणि कंडक्टरनं मला प्यायला पाणी दिलं.

फाट्यावरून पिंपळखुटा दोन मैल. नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता. सत्तरीची जैबुनबी पुढे आणि मी धापा टाकत मागे. वाटेत तीन वेळा थांबून तिनं माझी वाट पाहिली.

वच्छला ओसरीवर बाजेवर बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर. सकाळी निरोप दिलेला नवरा दुपारी दाईला घेऊन दारात उभा, हे पाहून तिचा चेहरा उतरला. "काहून आले? काय झालं?"

मी नुसतं आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंना वाटलं मला ऊन लागलं, त्या कांदा आणायला आत धावल्या.

जैबुनबीनं रांजणावर हात धुतले, मलाही धुवायला लावले. मुलीचं टोपडं काढलं. मग माझं मनगट धरलं आणि माझं बोट नेऊन त्या जागेवर ठेवलं. मी डोळे मिटले. बोटाखाली नरम होतं, कोमट होतं, आणि ठोका पडत होता. एक, दोन, तीन.

"सापडली?" जैबुनबीनं विचारलं.

"सापडली," मी म्हणालो आणि तिथेच जमिनीवर बसलो. मला रडू आलं. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं.

बसताना माझ्या खिशातून वही आणि यवतमाळचं पत्र दोन्ही खाली पडलं. वच्छला सातवी पास. तिनं आधी पत्र वाचलं, मग वही उघडली, मग पुन्हा पत्र पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "न्हाणं साडेआठवर गेल्यापासून तुमी आधी पाऊस लिहून राह्यले न चिठ्ठीवर?"

"हो."

"अन् वहीत उतरवता वरचाच आकडा?"

मी तिच्याकडे पाहिलं. नऊ दिवस मुलीची टाळू यवतमाळला गेली होती आणि तालुक्याचा दुष्काळ माझ्या खिशात होता. वच्छला हसायला लागली ती थांबेना. जैबुनबी तोंडाला ओढणी लावून हसली. सासूबाई कांदा घेऊन आल्या आणि पोरगी बरी आहे ना एवढं विचारून त्याही हसल्या.

त्या खुलाशाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. 'घरगुती कारणाने दोन नोंदींची अदलाबदल झाली' असं मी लिहून पाठवलं. दुसरी नोंद कशाची होती, असं यवतमाळनं विचारलं. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून 'कन्येची टाळू' असं लिहिलं. दोन महिने मी नोकरी गेलीच असं धरून चाललो होतो. मग कागद परत आला. वर लाल शाईत 'सक्त ताकीद, प्रकरण दप्तरी दाखल' असा शेरा होता, आणि खाली कोपऱ्यात कोणीतरी बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आता किती आहे?'

तर पिंपळखुट्याच्या ओसरीवर हसणं ओसरलं, चहा आला, आणि मी जैबुनबीला मनातलं विचारलं. "पण हे भोक ठेवलंच कशासाठी? देवानं डोकं नीट बंद करून पाठवायला काय हरकत होती?"

जैबुनबी हसली नाही. तिनं कप खाली ठेवला. "बंद करून पाठवलं असतं तं आज तुमची लेक नसती, बाबू. बाई बी नसती. डोकं येऊन आडलं होतं. दोन पहर. मंग माह्या बोटाखाली हाडं सरकले, एकावर एक, असे." तिनं एका तळहातावर दुसरा चढवून दाखवला. "डोकं जरासं लहान झालं अन् निघालं. जागा सोडलेली असते म्हणून सरकतात. अन् मंग तेच जागा भेज्याले वाढाले कामी येते, साल-दीड सालपर्यंत. त्याचं वाढणं झालं का आपोआप बंद होते. तुमी माप घ्या का नका घेऊ."

"मला हे कोणी सांगितलं नाही."

"तुमी कुठी होते?"

मी आवारात होतो. पर्जन्यमापकापाशी. मुलगी झाल्याचं सेवादासनं तिथेच येऊन सांगितलं होतं. त्या दिवशी दोन इंच चाळीस सेंट पाऊस झाला होता, तेवढं मला पाठ होतं. दोन पहर आतल्या खोलीत काय चाललं होतं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढच्या सव्वा महिन्यातही नाही. ज्या जागेला मी दोष समजून पट्ट्या लावत होतो, तिनंच माझं घर राखलं होतं.

"धरा," असं म्हणून जैबुनबीनं मुलगी माझ्यापुढे केली.

"पडली तर?"

"आजवर कोणाच्या हातून नाही पडली. तुमच्याच हातून कायले पडीन?"

मी हात पुढे केले. ती वाटली होती त्याहून जड निघाली. तिनं डोकं माझ्या कोपरात टेकवलं, जांभई दिली आणि झोपली. मी मान खाली केली तेव्हा तिची टाळू माझ्या हनुवटीला लागली आणि ठोका थेट माझ्या हाडात आला. मी हललो नाही. सासूबाई आणि जैबुनबी कप घेऊन आत गेल्या.

मग मी वच्छलाला विचारलं, "त्या दिवशी फार त्रास झाला होता का गं?"

तिनं मुलीचं टोपडं उचलून मांडीवर घडी केलं. "झाला," ती म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "लय झाला."

मग ती बाजेवर एका बाजूला सरकली आणि आम्हा दोघांना बसायला जागा केली.